अलिबागचे चुंबकीय अभिलेख : आवर्धन आणि चिन्ह यांचा प्रश्न

१

एखादे जुने कागदपत्र हाती आले म्हणजे त्याचा लेखक कोण, काल कोणता, प्रत अस्सल की नक्कल, हे प्रश्न इतिहासाचा अभ्यासक आधी विचारतो आणि मगच मजकुराकडे वळतो. यंत्राने लिहिलेल्या कागदाच्या बाबतीत मात्र ही शिस्त पुष्कळदा शिथिल होते. यंत्राला पक्षपात नसतो, तेव्हा त्याने काढलेल्या रेषेवर चिकित्सेची गरज नाही, असा एक समज आपल्या मनात नकळत घर करून असतो. वस्तुतः अशी रेषा दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून मुकीच राहते. रेषेची एक मिलिमीटर उंची म्हणजे मूळ राशीतील किती फरक, हा पहिला प्रश्न. आणि रेषा वर चढली म्हणजे ती राशी वाढली की घटली, हा दुसरा. पहिल्याला आवर्धनाचा व दुसऱ्याला चिन्हाचा प्रश्न म्हणता येईल.

आज ध्वनीवर संस्कार करणारे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले तर हेच दोन प्रश्न इनपुट गेन आणि पोलॅरिटी या नावांनी अगदी प्रवेशद्वारापाशी उभे असलेले दिसतात. पुढचे सारे संस्कार त्यांच्या मागून येतात. पण हे प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेले नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर अलिबाग येथे १९०४ पासून, आणि त्यापूर्वी मुंबईच्या कुलाब्यास १८४१ पासून, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ज्या नोंदी होत आल्या त्यांच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न पदोपदी भेटतात. त्या इतिहासाच्या आधारे एवढेच दाखवावयाचे आहे की, आवर्धन व चिन्ह या यंत्रज्ञाच्या किरकोळ जुळण्या नसून अभिलेखाच्या प्रामाण्याचा तो पाया आहे. तो पाया नोंदीच्या वेळीच घातला जातो व नंतर सहसा घालता येत नाही.

२

प्रथम ध्वनीचे उदाहरण घेऊ, कारण ते आजच्या वाचकास अधिक परिचित आहे. मायक्रोफोनवर आदळणारा हवेचा दाब विद्युद्दाबात रूपांतरित होतो आणि तो संगणकात अंकांच्या मालिकेच्या रूपाने साठविला जातो. सोळा बिटांच्या पद्धतीत हे अंक उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ या मर्यादेत असतात. गेन वाढविणे म्हणजे येणाऱ्या राशीला एका स्थिर संख्येने गुणणे. सुमारे ६ डेसिबलांची वाढ म्हणजे दुप्पट. गेन फार कमी ठेवला तर क्षीण ध्वनी यंत्राच्या अंगभूत खरखरीत बुडून जातो. फार अधिक ठेवला तर तरंगांचे माथे वरील मर्यादेस लागून सपाट कापले जातात. असे कापलेले माथे मागाहून कितीही भागाकार केला तरी परत येत नाहीत. शिवाय ठराविक पातळीखालील ध्वनी गाळणारे किंवा ठराविक पातळीवरील ध्वनी दाबणारे जे संस्कार पुढे होतात, ते सर्व प्रवेशद्वारी ठरलेल्या या पातळीवरच अवलंबून असतात.

पोलॅरिटी उलटणे म्हणजे प्रत्येक अंकाला उणे एकने गुणणे. एकच ध्वनी असेल तर कानाला हा फरक सहसा जाणवतही नाही. परंतु एकाच वाद्यासमोर दोन मायक्रोफोन ठेवले आणि त्यांपैकी एकाची पोलॅरिटी उलटी असली, तर दोन्ही नोंदी एकत्र करताच त्या परस्परांना खाऊन टाकतात व ध्वनी पोकळ होतो. तात्पर्य, चिन्हाची चूक एकाकी नोंदीत लपून राहते व दोन नोंदींची तुलना होताच उघडी पडते. चुंबकीय नोंदींच्या इतिहासातही हीच गोष्ट पुन्हा दिसेल.

३

मुंबईच्या कुलाबा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली. तिचा मूळ हेतू ज्योतिषविषयक वेध व जहाजांसाठी अचूक वेळ हा होता. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय वेध सुरू झाले. ऑर्लेबार यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींत केरो लक्ष्मण छत्रे हे होते. अलिबागजवळील नागाव येथे १८२५ मध्ये जन्मलेले केरूनाना अगदी कोवळ्या वयात या वेधशाळेत नोकरीस लागले आणि वेध घेण्याची शिस्त त्यांनी तेथे आत्मसात केली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेच्या कारभाराशी संबंध आला होता. मराठी विद्वत्तेच्या नव्या परंपरेचे दोन आद्य पुरुष ज्या संस्थेशी निगडित होते, तिचे अभिलेख आपल्या इतिहासाचेही साधन आहेत, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही.

नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मुंबईचे कुलाबा आणि अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला ही दोन भिन्न स्थळे होत. किल्ल्यावरून ज्या जिल्ह्यास कुलाबा हे नाव पडले होते, त्याचे १९८१ मध्ये रायगड असे नामांतर झाले. प्रस्तुत लेखात कुलाबा वेधशाळा म्हणजे मुंबईची वेधशाळा समजावी.

४

त्या काळच्या उपकरणाची रचना समजून घेतली म्हणजे आवर्धन व चिन्ह कोठे ठरत होते ते स्पष्ट होते. क्षेत्राच्या क्षैतिज घटकातील फेरफार मोजण्यासाठी एक चुंबक दोन समांतर तारांनी टांगीत आणि तारांना पीळ देऊन तो चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेस काटकोनात आणून ठेवीत. पिळाचा जोर आणि पृथ्वीच्या क्षेत्राचा जोर यांचा तोल साधला की चुंबक स्थिर राही. क्षेत्र वाढले की तो किंचित उत्तरेकडे वळे, घटले की उलट दिशेने. चुंबकास जोडलेल्या आरशातून दुर्बिणीच्या साहाय्याने समोरची मोजपट्टी वाचीत.

आरसा जितक्या कोनातून वळतो त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळतो. म्हणून मोजपट्टी दुप्पट अंतरावर नेली की वाचनातील फरकही दुप्पट होतो. आजच्या सॉफ्टवेअरमधील गेनचे बटण ते हेच अंतर. तारांमधील अंतर, त्यांची लांबी आणि चुंबकाचे बल यांवरही आवर्धन अवलंबून असते. चुंबक काळाबरोबर व उष्णतेने क्षीण होतो, तेव्हा हे आवर्धन एकदा ठरवून कायमचे भागत नाही. ते पुनःपुन्हा तपासून दर विभागामागे किंवा दर मिलिमीटरमागे किती क्षेत्र, हे मापमूल्य नोंदवहीत लिहून ठेवावे लागते.

चिन्हाचा उगमही येथेच आहे. काटकोनात आणताना चुंबकाचे उत्तर टोक पूर्वेकडे ठेवले तर क्षेत्र वाढल्यावर तो एका बाजूस वळतो. तेच टोक पश्चिमेकडे ठेवले तर नेमका दुसऱ्या बाजूस. दोन्ही मांडण्या सारख्याच निर्दोष आहेत. पण कोणती स्वीकारली होती हे लिहिलेले नसेल, तर वाढलेले वाचन हे क्षेत्राच्या वाढीचे की घटीचे, याचा उलगडा केवळ आकड्यांवरून होत नाही.

यास एककांची भर पडते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश शास्त्रज्ञ फूट, ग्रेन व सेकंद यांवर आधारलेल्या एककांत चुंबकीय क्षेत्र सांगत. त्या एका एककाचे गाऊसमध्ये मूल्य सुमारे ०.०४६१ भरते. एक गाऊस म्हणजे एक लक्ष गॅमा, आणि गॅमालाच आज नॅनोटेस्ला म्हणतात. या परिवर्तनातील गुणकही एक प्रकारचे आवर्धनच होय. तो चुकला तर रेषेचा आकार जसाच्या तसा राहतो आणि फक्त आकार पाहणाऱ्यास काही संशय येत नाही.

५

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांस सूर्यावर एक प्रखर श्वेत ज्वाला दिसली. एक दिवसही पुरा लोटला नाही तोच, २ सप्टेंबर रोजी, पृथ्वीवर आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक उद्भवले. युरोपातील अनेक वेधशाळांची उपकरणे त्याच्या तडाख्यात मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्यास मात्र निरीक्षक डोळ्यांनी वाचन करीत होते, व विक्षोभाच्या काळात थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने वाचने घेत होते. क्षैतिज घटक अल्पावधीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला, असे त्या वाचनांवरून निष्पन्न होते. त्या घटकाचे मुंबईच्या परिसरातील एकूण मूल्य सुमारे ३७ ते ३८ हजार नॅनोटेस्ला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या घटीची तीव्रता कळून येईल.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थानाचे जी. एस. लखिना व एस. अलेक्स यांचा सहभाग होता. त्यानंतर या घटीच्या कारणाविषयी बरीच चर्चा झाली. पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या पातळीत वाहणाऱ्या वलयप्रवाहाने एवढी घट घडविली, की वरच्या वातावरणातील अन्य विद्युत्प्रवाहांचा त्यात मोठा वाटा होता, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. हा सारा वाद शक्य झाला तो वाचनांबरोबर मापमूल्य व चिन्ह यांची माहिती टिकून राहिली म्हणून. ती नसती तर १८५९ ची ती वाचने म्हणजे कोणत्या तरी राशीत काही तरी मोठा बदल झाला एवढीच बातमी ठरती. आजही या आकड्याबद्दल चिकित्सा करावयाची तर ती येथूनच सुरू करावी लागते : लहान विचलनांसाठी ठरविलेले मापमूल्य एवढ्या मोठ्या विचलनासही लागू पडते काय? ध्वनिमुद्रणाच्या भाषेत, प्रवेशद्वारीची योजना एवढ्या मोठ्या आवाजात सरळ राहिली होती काय?

पुढे डोळ्यांच्या वाचनाची जागा प्रकाशचित्रणाने घेतली. दिव्याचा किरण आरशावरून परावर्तित होऊन सावकाश फिरणाऱ्या संवेदनशील कागदावर अखंड रेषा काढू लागला. या पद्धतीने रात्रंदिवसाची सलग नोंद मिळू लागली, पण माथे कापले जाण्याचा धोका वाढला. निरीक्षक वाचन घेताना मोजपट्टी सरकवू शकत होता. कागदाची रुंदी मात्र ठरलेली. मोठ्या वादळात प्रकाशबिंदू कागदाबाहेर गेला की तेवढ्या वेळाचा अभिलेख कायमचा हरवे. यावर दोन उपाय निघाले. एक, लोलकांच्या योगाने राखीव बिंदू निर्माण करणे, म्हणजे मुख्य बिंदू बाहेर पडताच दुसरा कागदावर येई. दुसरा, नेहमीच्या उपकरणाशेजारी मुद्दाम मंद आवर्धनाचे उपकरण चालविणे. नेहमीच्या उपकरणात एक मिलिमीटर म्हणजे काही थोडे गॅमा, तर मंद उपकरणात त्याच्या कित्येक पट. क्षीण व प्रचंड अशा दोन्ही घटना एकाच आवर्धनात सामावत नाहीत, हे ज्ञान ध्वनिमुद्रकांपाशी येण्याआधी चुंबकीय वेधशाळांत रुळलेले होते.

६

१८९६ मध्ये नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत एक मोठे संकट उभे राहिले. घोड्यांच्या ट्रामऐवजी मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. या ट्रामचा प्रवाह रुळांतून व अंशतः जमिनीतून परत जातो. त्या प्रवाहाचे क्षेत्र ट्रामच्या हालचालीबरोबर बदलत राहते आणि पृथ्वीच्या नैसर्गिक फेरफारात मिसळते. या मिश्रणावर आवर्धनाचा काहीच इलाज चालत नाही. गेन वाढविला तर गाणे आणि गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. गोंगाटापासून दूर जाणे एवढाच मार्ग होता.

मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर असलेले अलिबाग यासाठी निवडण्यात आले. वेधशाळेच्या इमारती बांधताना एक विशेष दक्षता घ्यावी लागली. कोकणचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात लोहखनिज असल्याने तो स्वतःच किंचित चुंबकीय असतो. म्हणून बांधकामासाठी पोरबंदरचा दगड आणण्यात आला, आणि कड्या, कोयंडे, बिजागऱ्या यांसाठी लोखंड वर्ज्य करून पितळ व तांबे यांचा वापर झाला. तापमानाच्या चढउताराने चुंबकाचे बल बदलते व तो बदल क्षेत्राचा बदल म्हणून कागदावर उमटतो, यास्तव उपकरणांच्या खोलीत तापमान शक्य तितके स्थिर राहील अशी योजना करावी लागली.

१९०४ मध्ये अलिबागची नोंद सुरू झाली, तथापि कुलाब्याची नोंद लगेच थांबविली नाही. सुमारे दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. विजेची पहिली ट्राम मुंबईत १९०७ च्या मे महिन्यात धावली. तत्पूर्वी हे काम पूर्ण झाले होते. या दोन वर्षांचे महत्त्व इतिहासाच्या दृष्टीने फार मोठे आहे, कारण जुन्या मालिकेची नव्या मालिकेशी सांधेजोड त्यांच्याच आधाराने झाली.

या सांधेजोडीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शांत दिवशी मध्यान्ही दोन्ही ठिकाणी क्षैतिज घटक ४० गॅमांनी वाढला. आवर्धन व चिन्ह दोन्ही बरोबर असतील तर दोन नोंदींची वजाबाकी जवळजवळ शून्य येईल, आणि जे काही उरेल ते स्थानिक कारणांचे असेल. एका उपकरणाचे मापमूल्य ४ ऐवजी ५ धरले गेले तर ४० चे ५० होतील, आणि १० गॅमांचा एक खोटा फरक दर मध्यान्ही उगवून दर संध्याकाळी मावळत राहील. अभ्यासक त्यास किनाऱ्याचा किंवा खडकाचा परिणाम समजून त्यावर प्रबंधही लिहू शकेल. आणि एका ठिकाणचे चिन्ह उलटे धरले गेले तर वजाबाकीचे रूप बेरजेसारखे होऊन शून्याऐवजी ८० येतील. दोन मायक्रोफोनांच्या उदाहरणात जे घडले तेच येथे उलट्या क्रमाने घडते. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की आवर्धन व चिन्ह यांची परीक्षा आपोआप होते, हे त्या समांतर वर्षांचे खरे फलित होय. मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या चुंबकीय सामग्रीचा द्विखंडात्मक ग्रंथ या शिस्तीचा आदर्श म्हणून आजही वापरात आहे.

७

समांतर नोंद नसेल तेव्हा चिन्हाची परीक्षा कशी करावी? येथे ध्वनी आणि भूचुंबकत्व यांत एक भेद आहे, व तो भूचुंबकाच्या अभ्यासकास अनुकूल आहे. ध्वनीचा तरंग वरखाली बहुतांशी सारखाच असतो; चुंबकीय क्षेत्राच्या फेरफाराला मात्र स्वतःची अशी दिशा असते. मोठे वादळ बहुधा क्षैतिज घटकाच्या एका आकस्मिक वाढीने सुरू होते, नंतर तो घटक खोल खाली जातो आणि पुढे काही दिवसांत सावकाश पूर्वपदावर येतो. हा क्रम उलटा दिसला तर चिन्हाविषयी संशय घ्यावा. तसेच अलिबागच्या अक्षांशावर शांत दिवशी क्षैतिज घटक मध्यान्हाच्या सुमारास वाढतो. उत्तरेकडे, युरोपातील वेधशाळांत, तो त्याच सुमारास घटतो. कारण दिवसा वरच्या वातावरणात फिरणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या भोवऱ्याचे केंद्र या दोन प्रदेशांच्या मध्ये येते. म्हणून युरोपीय ग्रंथातील आकृती समोर ठेवून अलिबागची रेषा कोणी 'सुधारू' लागला, तर तो बरोबर असलेले चिन्ह चुकीचे करून बसेल.

दिक्च्युतीच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. खऱ्या उत्तरेपासून चुंबकीय उत्तर किती ढळली आहे ते दिक्च्युती सांगते, व पूर्वेकडील ढळ अधिक, पश्चिमेकडील उणा, असा संकेत आहे. अलिबागला ही राशी मुळात शून्याच्या फार जवळ आहे. जेथे दिक्च्युती दहा-पंधरा अंश असते तेथे चिन्ह चुकल्यास वीस-तीस अंशांचा प्रमाद होऊन तो कोणाच्याही नजरेस येईल. शून्याजवळ मात्र अधिक आणि उणे यांत इतके थोडे अंतर असते की चूक निमूटपणे पचून जाते. राशी लहान म्हणून चिन्ह दुर्लक्षणीय, हा तर्क म्हणूनच उलटा आहे. राशी जितकी लहान तितके तिचे चिन्ह अधिक जपले पाहिजे.

अशा अडचणींवर वेधशाळांतील रूढ उपाय साधा आहे. उपकरणाभोवती तारेची वेटोळी ठेवून तीतून ज्ञात प्रवाह सोडतात. त्यामुळे किती क्षेत्र निर्माण झाले ते गणिताने ठाऊक असते. प्रकाशबिंदू किती मिलिमीटर सरकला ते मोजले की मापमूल्य मिळते. नंतर प्रवाहाची दिशा उलटी करून पुन्हा मोजतात. दोन्ही मापांची सरासरी घेतल्याने मधल्या वेळेत झालेला नैसर्गिक बदल बराचसा गळून जातो, आणि बिंदू कोणत्या बाजूस सरकला यावरून चिन्हही निश्चित होते. एकाच क्रियेत दोन्ही प्रश्नांचे उत्तर देणारी ही रीत आहे.

८

भूचुंबकीय वेधांचे कार्य १९७१ मध्ये हवामान खात्याकडून स्वतंत्र झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थानाकडे आले. या संस्थानाचे मुख्यालय आज रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. अलिबागची वेधशाळा इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात सहभागी आहे आणि तिची नोंद आता कागदावरील रेषेऐवजी अंकांच्या मालिकेत होते. चुंबकाची जागा फ्लक्सगेट या विद्युत्संवेदकाने घेतली असून त्याचा विद्युद्दाब अंकांत बदलला जातो. उपकरणाची तत्त्वे बदलली, प्रश्न बदलले नाहीत. एका व्होल्टमागे किती नॅनोटेस्ला, हे आवर्धन. संवेदक कोणत्या दिशेस तोंड करून बसविला व त्याच्या तारा कशा जोडल्या, हे चिन्ह.

किंबहुना अंकांच्या युगात हे प्रश्न अधिक नाजूक झाले आहेत. चुंबकीय नोंदी वेगाने चालवून त्यांचे ध्वनीत रूपांतर करण्याचे प्रयोग आता होतात, आणि त्यासाठी या मालिका ध्वनिसंस्कारांच्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या जातात. अशी कार्यप्रणाली पुष्कळदा सर्वांत मोठा अंक मर्यादेस टेकेल इतका गेन आपण होऊन वाढविते. ऐकण्यास हे सोयीचे. पण दोन निरनिराळ्या दिवसांच्या नोंदी अशा रीतीने सारख्या उंचीच्या केल्या की शांत दिवस व वादळाचा दिवस यांतील भेदच नाहीसा होतो. कागदाच्या रेषेवर निदान मिलिमीटर तरी मोजता येत होते. अशा फायलीत मूळ मापमूल्य लिहून ठेवलेले नसेल तर तेही साधन उरत नाही. पोलॅरिटी एका बटणाने उलटते, आणि कोणी ती उलटली होती याची खूण मागे राहत नाही.

९

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येईल. आवर्धन व चिन्ह यांपैकी जे गुणाकाराने बदलते ते मागाहून सुधारता येते, पण गुणक ठाऊक असेल तरच. आणि जे प्रवेशद्वारी कापले गेले ते कोणत्याही गुणकाने परत येत नाही. कुलाबा व अलिबाग यांच्या मालिकेचे मोल तिच्या दीर्घत्वात जितके आहे तितकेच, किंवा त्याहूनही अधिक, प्रत्येक काळातील मापमूल्ये व मांडणी निष्ठेने लिहून ठेवणाऱ्या नोंदवह्यांत आहे.

जुन्या चुंबकीय अभिलेखांचे अंकीकरण हा संशोधनाचा विषय म्हणून निवडणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. रेषांची छायाचित्रे घेणे सोपे आहे, व दृष्टीस सुंदर दिसणारे फळही त्यातून लवकर मिळते. मापमूल्यांचे तक्ते, चुंबक बदलल्याच्या तारखा, उत्तर टोक पूर्वेस होते की पश्चिमेस याविषयीचे टिपण, ही सामग्री रूक्ष असते व बहुधा वेगळ्या कपाटात असते. तथापि अंकीकरणाचा आरंभ त्या कपाटापासून झाला पाहिजे. ते तक्ते गहाळ झाले तर उरलेल्या रेषा कितीही सुरेख असल्या तरी त्या पृथ्वीविषयी काही सांगणार नाहीत.